उरल्यासुरल्याचा उद्योग

जुन्या कपड्यांचे आमच्याकडे तीन वाटे होत. नायलॉनच्या साड्या, टेरिलीनच्या पँटी, काठ उसवलेली पण लांबून धड दिसणारी जरीची साडी हे सगळं बोहारणीच्या पाटीत जाई आणि बदल्यात स्टीलचं पातेलं घरात येई. हात लावला तरी फाटेल असं विटकं कापड फडक्या-पोतेऱ्यांच्या कामी येई. तिसरा वाटा सुती कपड्यांचा. लुगडी, धोतरं, मलमलीचे सदरे, धुऊन धुऊन मऊ झालेले तरी अंगात दम असलेले. त्यांचं गाठोडं माळ्यावर पडे. बोहारीण नेमकी त्या गाठोड्यावर डोळा ठेवून असायची. आणखी दोन सुती लुगडी घाला, झाकणाचा डबा देते, म्हणायची. आजी फक्त ‘ती गोधडीची आहेत’ म्हणे आणि सौदा तिथे संपे.

परसातला हिशेबही याच चालीचा होता. मोरीचं पाणी जिथे बाहेर पडे तिथे अळू, कर्दळ आणि केळ. तांदळाचं धुवण आणि ताकाचं भांडं विसळलेलं पाणी कढीपत्त्याला. चुलीतली राख भांडी घासायला, त्यातून उरली तर वेलीवर मावा पडला की पानांवर भुरभुरायला. भाजीची देठं-सालं गुरांपुढे, गुरं नसतील तर उकिरड्यावर, आणि उकिरडा वर्षाने शेतात. घरातून बाहेर टाकायला फारसं काही शिल्लकच राहत नसे.

आज हस्तकला आणि बागकाम हे शब्द छंदांच्या यादीत शेजारीशेजारी येतात. दोन्हींची दुकानं निघाली, शिबिरं निघाली, तयार संच मिळतात. त्यात वावगं काही नाही. पण या दोन्ही कामांतली मजा मला त्या तिसऱ्या गाठोड्यात आणि मोरीपलीकडच्या अळवात दिसते. ज्याची किंमत संपली आहे, जे कुणाला नको आहे, त्याच्यापासून काहीतरी धड उभं करण्याची ही मजा आहे. सामान विकत आणायला सुरुवात झाली की ती थोडी थोडी पातळ होत जाते.

*

गोधडीला कुठे वाकळ म्हणतात, सीमाभागात कौदी. नावं निरनिराळी असली तरी बेत एकच. वरून आणि खालून त्यातल्या त्यात धड असलेलं लुगडं, मधे जुन्या कापडाचे थर, आणि सगळ्यांतून आरपार जाणारा धावदोरा. धावदोरा हा शिवणातला सगळ्यात साधा टाका, शाळेच्या शिवणवर्गात पहिल्या दिवशी शिकवतात तो. गोधडीत सारं काम त्याचंच. ओळी बोटभर अंतराने, कडेने सुरू करून चौकोनाच्या आत चौकोन असं मध्याकडे सरकत जायचं.

टाक्यापेक्षा अवघड असतं ते अंथरणं. सारवलेल्या अंगणात खालचं लुगडं पसरायचं, चौघींनी चार कोपरे धरून ताणायचं, त्यावर आतली भर लावायची. फाटका भाग एकावर एक आला तर तिथे गोधडी पहिल्या वर्षीच बसते, म्हणून एका कापडाचं भोक दुसऱ्याच्या धड भागाखाली येईल असं बघायचं. धोतराचं सूत आणि लुगड्याचं सूत धुतल्यावर सारखं आटत नाही, त्याचाही अंदाज हवा. हे सारं कागदावर कुठे लिहिलेलं नसतं. बाई कापड चिमटीत धरते, उजेडाकडे करून बघते आणि ‘हे आत, हे वर’ असं ठरवते. मग मोठ्या टाक्यांनी सगळे थर तात्पुरते पकडून ठेवायचे. खरं शिवण त्यानंतर. एकटी बाई घरचं सगळं आवरून शिवत असेल तर एका गोधडीला काही आठवडे सहज जातात.

वरच्या बाजूला ठिगळं कशी लावायची यात प्रत्येकीची हौस दिसते. खणाच्या चोळीचा तुकडा मधोमध, चारी बाजूंनी इरकली काठाची पट्टी, कोपऱ्यांत त्रिकोण. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी बायका जी कवंदी शिवतात, तिच्या चारही कोपऱ्यांत घड्या घातलेल्या कापडाची ‘फुलं’ असतात. फुलांशिवाय कवंदी उघडी वाटते, असं त्या सांगतात. या मूळच्या आफ्रिकी समाजातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून घाट चढून त्या रानात गेले, आणि तिथल्या ख्रिस्ती सिद्दींच्या घरांत अजून कोकणी बोलली जाते. हेन्री ड्र्यूवल या अमेरिकी कलाभ्यासकाने या कवंद्यांचा अभ्यास केला, आणि तेव्हापासून त्या भिंतीवर टांगून बघायच्या वस्तू झाल्या. आपल्या गोधडीच्या वाट्याला हे भाग्य फारसं आलं नाही. ती अंथरुणातच राहिली. मला विचाराल तर बरं झालं.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात एका म्हाताऱ्या आजीबाईंना मी विचारलं की गोधडी शिवताना तुम्हाला आनंद वाटायचा का. शहरातून आलेल्या माणसाने विचारावा तसाच प्रश्न होता.

“आनंद कसला? थंडी वाजत हुती,” त्या म्हणाल्या.

मग थोडं थांबून, शेजारच्या सुनेकडे बघत म्हणाल्या, “पर दुपारच्याला बसलं की कुणी उठ म्हणत नव्हतं.”

या दोन वाक्यांपाशी जरा थांबायला हवं, कारण हस्तकलेच्या गोडव्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण दुसरंच वाक्य उचलतात. गोधडी गरजेपोटी आली. घरात माणसं सात, पांघरुणं तीन, आणि नवी सोलापुरी चादर घ्यायला दिवाळीची वाट बघायची. त्या शिवणाचे पैसे कुणी बाईला दिले नाहीत, आणि डोळे गेले तेही तिचेच. त्याच वेळी हेही खरं की हातात सुई असलेली बाई घरात कामात समजली जायची. रिकामी बसलेली बाई दिसली की तिला पाणी आणायला पाठवायचे. शिवत बसलेलीला नाही. म्हणून गावातल्या बायकांच्या दुपारच्या बैठका गोधडीभोवती भरल्या. तिथे सासवांची उणीदुणी निघाली, ओव्या झाल्या, कुणाच्या मुलीला कुठे द्यायचं ते ठरलं. कामाच्या आड मोकळीक मिळाली. ती मोकळीक खोटी होती असं मी म्हणणार नाही, आणि थंडीही.

गोधडीची रया गेली ती कापडामुळे. हळूहळू नायलॉन आणि पॉलिस्टर घराघरांत पोचलं. ते टिकतं, इस्त्री मागत नाही, रंग सोडत नाही, आणि नेमक्या याच गुणांमुळे गोधडीला निरुपयोगी ठरतं. सुती धाग्याची खळ धुण्यात निघून जाते, तंतू सैल पडतात, कापड अंगाशी येतं, घाम टिपतं. पॉलिस्टर वीस वर्षं वापरलं तरी पहिल्या दिवसाइतकंच गुळगुळीत राहतं आणि थर एकमेकांवरून सरकतात. माळ्यावरच्या गाठोड्यात सुती कमी आणि बोहारणीच्या वाट्याचं जास्त, अशी वेळ आली. आता शहरात गोधडी शिवून देणाऱ्या बायकांकडे गेलं तर त्या पहिल्यांदा कापड चाचपतात आणि निम्म्या साड्या परत देतात.

एक वस्तू मात्र या सगळ्यातून वाचली. बाळाचं दुपटं. प्रसूतीची तारीख जवळ आली की आजही घरात जुन्या मऊ सुती साडीचा शोध सुरू होतो. नव्या कापडाची खळ आणि रंग नवजात कातडीला सोसत नाही, हे त्यामागचं साधं कारण. पणजीच्या साडीचं दुपटं, तिच्याच पदराची कुंची, उरल्यासुरल्याचे लंगोट. आयटीत काम करणाऱ्या, सुईत दोरा ओवायला कंटाळणाऱ्या मुलीसुद्धा आठव्या महिन्यात हातशिलाई करत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. ऑनलाइन काय वाटेल ते मिळतं, पण चाळीस वर्षं धुऊन मऊ झालेलं कापड तिथे मिळत नाही.

*

लोकर आणि क्रोशाची गोष्ट वेगळी, कारण तिथे सामान पहिल्यापासून विकतचंच. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मणी, लेस, टिकल्या, लोकरीचे गुंडे यांचे ढीग असतात आणि त्या गर्दीत रंग जुळवत उभ्या असलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता असते ती दागिन्यांच्या दुकानातही दिसत नाही. क्रोशाची बोली मला फार आवडते. साखळी, खांब, मुका खांब. ‘तीन साखळ्या, एका घरात पाच खांब, मग मुका खांब’ असं कुणी वाचत असेल तर ऐकणाऱ्याला वास्तुशास्त्राचा वर्ग चालू आहे असं वाटावं.

या कामाची मराठी घरांतली मोठी परीक्षा म्हणजे रुखवत. लग्नाच्या कार्यालयात लांब टेबलावर मांडलेले क्रोशाचे रुमाल, मोत्यांचं तोरण, लोकरीचा पांढरा कुत्रा, सुपाऱ्यांची भातुकली, साटीनच्या रिबिनीचे गुलाब. मुलगी कामाची आहे याची ती जाहीर साक्ष. त्यातल्या निम्म्या वस्तू मावशीने आणि आत्येबहिणीने केलेल्या असत, हे सगळ्यांना माहीत असे आणि कुणी बोलत नसे. आता रुखवत भाड्याने मिळतं. सकाळी टेम्पोतून येतं, दुपारी पंगती उठल्या की परत जातं, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नवरीच्या नावाची पाटी त्याच कुत्र्यापुढे लागते. मला यात हळहळण्यासारखं काही वाटत नाही. साक्ष द्यायची गरज संपली असेल तर चांगलंच आहे. लोकर हातात घ्यायची ती आता स्वतःच्या मर्जीने, आणि नकोशी झाली तर अर्धवट टाकूनही देता येते. साताऱ्याच्या आजीबाईंना हे करता येत नव्हतं.

विणकामाने मन शांत होतं, असं सांगणारे अभ्यासही आता निघाले आहेत. २०१३ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांची पाहणी छापून आली. त्यात वारंवार विणणाऱ्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचं सांगितलं होतं. पण उत्तरं देणारे सगळे विणकामाचे भक्तच होते. वारीत उभं राहून वारकऱ्यांना विचारलं की चालणं आवडतं का, तर काय उत्तर येईल? पाहणी बाजूला ठेवू. विणताना एक गोष्ट मात्र हमखास घडते. चूक लगेच दिसते आणि उसवता येते. एक टाका सुटला तर चार ओळी मागे जायचं, लोकर गुंडाळायची, पुन्हा. आपल्या बाकीच्या कामांत इतकी स्वच्छ उसवण फारशी कुठे मिळत नाही.

*

हस्तकला आणि बाग एकाच वेळी सुरू होण्याची मराठी मुलांची जागा ठरलेली आहे. दिवाळीतला किल्ला. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून पोरं विटा, दगड, फुटक्या कौलांचे तुकडे आणि गोणपाट गोळा करत सुटतात. कुठल्या तरी बांधकामावरून वाळू, नाल्याकाठची चिकणमाती, एखाद्या आईची जुनी परात तळ्यासाठी. बुरूज, दरवाजा, बालेकिल्ला, मधेच उगाच एक गुहा. आणि गोणपाटावर मातीचा पातळ थर देऊन त्यात अळीव नाहीतर मोहरी पेरायची. तीन-चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. वसुबारसेला पेरलं तर लक्ष्मीपूजनाला कोवळी लव दिसते. उशीर केला तर महाराज बोडक्या डोंगरावर बसतात.

त्याच्या आधी नवरात्रात घट बसतो तोही एक छोटा वाफाच. पत्रावळीवर शेतातली काळी माती, तिच्यात सात धान्यं, मधे पाण्याने भरलेलं मातीचं मडकं. मडक्यातून झिरपणारं पाणी नऊ दिवस धान्याला पुरतं. दसऱ्याला ते पिवळट तुरे टोपीत नाहीतर वेणीत खोवायचे. बियाणं उगवतंय की नाही हे पेरणीच्या हंगामाआधी घरातच कळावं, अशी त्यामागची शेतकरी उपपत्ती बरेच जण सांगतात. शेताशी संबंध नसलेल्या फ्लॅटमध्येही घट बसतो, आणि कुंडीतली माती चालेल का, हा प्रश्न दर वर्षी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर येतो.

*

गच्चीवर बाग करायची म्हटलं की सोसायटीत पहिला शब्द ऐकू येतो तो ‘लीकेज’. चिटणीसकाका कितीही खडूस वाटले तरी त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नसतं. लोकांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक, आयएस ८७५, जो भार धरायला सांगतं तो चौरस मीटरला साधारण १५० किलो. ओल्या मातीचा फूटभर जाडीचा थर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जातो. म्हणजे शेतातली माती पोत्यांनी वर नेऊन वाफे करणं हा खरोखर इमारतीशी खेळ आहे. गच्चीवरच्या बागेचा सारा इतिहास मातीला पर्याय शोधण्याचा आहे, आणि तो पर्याय पुन्हा उरल्यासुरल्यातच सापडला.

मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर भाज्या-फळं घेतली ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, कापलेल्या पिंपांत आणि टाकून दिलेल्या टायरांत. भर घातली उसाच्या चिपाडाची. रसवंतीबाहेर पडलेलं चिपाड मुंबईत फुकट मिळतं, वजनाला हलकं, पाणी धरून ठेवतं आणि कुजून खत होतं. त्यावर कंपोस्ट आणि माती नुसती चवीपुरती.

कोल्हापुरात श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ नावाने शेतकऱ्यांचं एक सैलसर जाळं उभं केलं, ज्यात प्रत्येकाने आपापल्या तुकड्यावर प्रयोग करायचा आणि निष्कर्ष दुसऱ्याला कळवायचा. तासगावच्या द्राक्षबागायतदारांच्या घडणीत या परिवाराचा वाटा मोठा. ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकात त्यांनी मांडलेला हिशेब गणिताच्या माणसाचा आहे. एका चौरस फुटावर ऊन किती पडतं, किती पानं ते झेलतात, आणि दहा गुंठ्यांत म्हणजे पाव एकरात एका कुटुंबाचं कसं भागेल. गच्ची त्यांच्या दृष्टीने ऊन वाया जाणारी जागा होती. त्यांच्याच वाटेवर दीपक सचदे यांनी ‘अमृत माती’ची पद्धत बसवली. वाळका पाला शेण, गोमूत्र आणि गूळ आंबवलेल्या पाण्यात भिजवून त्याचे थर रचायचे, ढीग कुजला की त्यात निरनिराळं बी टोचायचं आणि उगवलेली हिरवळ तीन-तीन आठवड्यांच्या टप्प्यांनी कापून पुन्हा त्याच ढिगात घालायची. हाताशी येते ती काळी, भुसभुशीत, हलकी माती.

या दोन धाग्यांची गाठ मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका गच्चीवर पडली. तिथल्या मध्यवर्ती स्वयंपाकघराचं काम बघणाऱ्या प्रीती पाटील यांच्यापुढे रोजच्या भाजीच्या देठा-सालांचा ढीग असे. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी तो वर गच्चीत न्यायला सुरुवात केली. गोदीच्या क्रेन दिसाव्यात अशा जागी चिकू, पेरू, केळी, पालेभाज्या उभ्या राहिल्या, आणि त्यातून पुढे ‘अर्बन लीव्ह्ज’ हा गट निघाला. कर्मचारी कँटीनमधल्यांनी फावल्या वेळात केलेलं काम आहे हे. मोठ्या संस्थेने मोठा निधी ओतून ‘प्रकल्प’ उभारला असता तर तो किती टिकला असता याबद्दल मला शंका आहे.

पुण्यात पाल्याचाच बाजार भरला, पण पैशाविना. जानेवारी ते एप्रिल शहरभर पानगळ होते आणि झाडलोट करणारे ढीग करून काडी लावतात. २०१६ च्या अखेरीस राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली तरी धूर निघतोच. अदिती देवधर यांनी सुरू केलेल्या ‘ब्राउन लीफ’ उपक्रमात ज्याच्याकडे पाला आहे त्याने कळवायचं, ज्याला हवा आहे त्याने येऊन पोती घेऊन जायचं. मला यात सगळ्यात गंमत वाटते ती दुसऱ्या वर्षीची. पाला द्यायला कळवणाऱ्यांपैकी काही जण स्वतःच ढीग लावायला लागतात आणि मग द्यायला काही उरत नाही.

*

खताबद्दल बोलताना लोक घाबरतात ती वासाला आणि चिलटांना. कारण जवळजवळ नेहमी एकच, ओलं जास्त आणि सुकं कमी. सालं, उष्टं, चहाचा चोथा यांत नत्र आणि पाणी भरपूर. सुक्या पानांत, भुशात, फाडलेल्या पुठ्ठ्यात कर्ब. जिवाणूंना नत्राच्या पंचवीस-तीस पट कर्ब लागतो. एवढं गणित स्वयंपाकघरात कुणी करत नाही, करायचंही कारण नाही. ओल्याच्या प्रत्येक थरावर सुक्या पानांची जाड चादर, मूठभर जुनं खत विरजणासारखं, आणि अधूनमधून वरखाली. बादलीला भोकं हवीत, हवा खेळली पाहिजे. दोन-तीन महिन्यांत साल ओळखू येईनासं होतं आणि पहिल्या पावसाचा वास येऊ लागतो. आंब्याची कोय आणि नारळाची करवंटी मात्र तशीच राहते. काढायची, पुढच्या ढिगात टाकायची.

बी विकत आणण्याआधी मसाल्याचा डबा उघडावा, असं माझं मत आहे. मेथीदाणे तीन-चार दिवसांत उगवतात आणि महिन्याच्या आत एक जुडी देतात. मोहरीचा पाला कुणी बाजारात विकत घेत नाही, पण घरी लावला तर खाल्ला जातो. धण्याचा दाणा मुळात दोन बियांचा जोड असतो, म्हणून पेरण्याआधी चपलेखाली हलका रगडून त्याची दोन शकलं करायची. अख्खे धणे पेरून कोथिंबीर उगवत नाही म्हणून रडणारे बरेच जण आहेत. पुदिन्याच्या पानं खुडलेल्या काड्या पाण्यात ठेवल्या की मुळं सुटतात. कोंब आलेलं आलं, हिरवं मोड आलेलं रताळं, लसणाची कुडी. फ्लॅटच्या पूर्वेकडच्या खिडकीत एवढं होतं. टोमॅटो आणि वांगी होतातच असं नाही. त्यांना पाच-सहा तास थेट ऊन लागतं, आणि समोर दुसरी इमारत असेल तर कितीही महागडं खत घातलं तरी ते मिळत नाही. दुकानदार हे सांगत नाहीत.

घरची भाजी स्वस्त पडते हेही खरं नाही. कुंडी, कोकोपीट, निंबोळी पेंड, पाण्याचा झारा आणि गेलेल्या रविवारांचा हिशेब मांडला तर मंडईतल्या माळवंवालीपुढे मान खाली घालावी लागेल. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात, जिथे १८३० पासूनची ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी दर जानेवारीला कुंड्यांच्या रांगा मांडते, तिथे बक्षीस मिळवणाऱ्या शेवंतीवर किती खर्च होतो ते तर विचारूच नये. तो खेळ वेगळा आहे, आणि रंगतदार आहे. पण परसबागेशी त्याचं नातं, रुखवताचं गोधडीशी आहे तेवढंच.

आणि मग वेल. कोकणात पावसाच्या तोंडावर परसात मांडव उभारतात आणि पडवळ, दोडकी, घोसाळी, काकडी चढवतात. पडवळ वाकडं होऊ नये म्हणून कोवळं असतानाच त्याच्या टोकाला दोऱ्याने दगड बांधतात. दगड किती मोठा याला अंदाज लागतो. जड झाला तर देठ तुटतं, हलका झाला तर पडवळ मनाला येईल तसं वळतं, आणि पडवळ वाढेल तसा दगड बदलावाही लागतो. शहरात तेराव्या मजल्यावर वेगळीच अडचण येते. दुधीला फुलं लागतात, इवले दुधी दिसतात आणि पिवळे पडून गळतात. लोक खत वाढवतात, औषध मारतात. खरी गोष्ट अशी असते की तिथवर परागीभवन करणारं कुणी पोचलेलं नसतं. ज्या फुलामागे इवलासा दुधी आहे ते मादी, नुसत्या देठावरचं ते नर. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. दिवेलागणीला नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे मोडायच्या आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचं. कामावरून आलेली, अजून बूटही न काढलेली माणसं गच्चीत मोबाइलच्या उजेडात हे करताना मी पाहिली आहेत. भोपळ्याचं फूल मात्र सकाळी लवकर. त्यासाठी आंघोळीआधी वर जावं लागतं.

एवढं करून दुधी लागले की एकदम लागतात. वेलीला कुटुंबाचा आकार कळत नाही. आठवड्याला दोन पुरतील अशा घरात सहा येतात. अळू तर कापावं तितकं वाढतं आणि अळूवड्या वळण्याचा घरच्यांना कंटाळा येतो. मग वाटप. शेजारच्या काकूंना दुधी, खालच्या मजल्यावर अळवाची जुडी, रखवालदाराला मिरच्या, ऑफिसात पुदिना. आमच्या गच्चीवर हे वाटप चिटणीसकाकांपासून सुरू होतं. ‘लीकेज’वरचं त्यांचं मत बदललेलं नाही, पण दुधी ते घेतात.

आणि काही दिलं की डबा रिकामा परत यायचा नसतो, हा नियम शहरातही पाळला जातो. दुधीच्या बदल्यात दुधी हलवा येतो, अळवाच्या डब्यातून फदफदं येतं. गेल्या पावसाळ्यात एका काकूंच्या डब्यात आली गोकर्णाच्या वाळक्या शेंगांची मूठ, निळ्या दुपाकळीच्या. दुसऱ्या एकीने पिशवीत घालून दिली तिच्या आईची तीन सुती पातळं. फिकट जांभळी, एक काठाला विरलेली. आमच्याकडे गोधडी शिवायला आता कुणी नाही, म्हणाली, तुम्ही त्या गोधडीवाल्या बाईंकडे जाता ना, तेव्हा आत भरीला घाला. आणि तो हिरवट काठ आहे ना, तो वर लावायला सांगा, मधोमध नको, कडेला.